‘लेबन’ गावांचा नकाशा : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, हाले

आजपासून नोंदी ठेवायच्या. मागचा प्रकल्प नोंदी नसल्यामुळेच बुडाला. काय का केलं, हे तीन महिन्यांनी माझं मलाच आठवेना.

विषय असा. मध्य जर्मनीतल्या हालेत राहायला आल्यापासून आसपासच्या गावांची नावं डोक्यात घोळतायत. आयस्लेबन, आशर्सलेबन, ओशर्सलेबन, हाल्डेन्सलेबन, हाडमर्सलेबन, एर्म्सलेबन, गाटर्सलेबन. एकाच साच्यातून काढल्यासारखी. आजच्या जर्मनमध्ये ‘लेबन’ म्हणजे जगणं, आयुष्य. ऑफिसात विचारलं की लोक हसून सांगतात, इथे आम्ही मजेत जगतो ना, म्हणून. पण गावांच्या नावातला लेबन तो नव्हे. मूळ जुना जर्मानिक शब्द ‘लाइबा’, म्हणजे मागे उरलेलं, कुणीतरी मागे ठेवलेलं, वारसा. इंग्रजीतला ‘लीव्ह’ त्याच कुळातला. नावाचा पहिला भाग बहुतेक वेळा माणसाचं नाव. हाल्डेन्सलेबन ९६६ सालच्या कागदात ‘हाहाल्देस्लेवो’ असं येतं, म्हणजे कुणा हाहाल्डने मागे ठेवलेली जागा. फालर्सलेबन (हो, तेच, आता फोक्सवागनच्या वोल्फ्सबुर्गात सामावलेलं) ९४२ साली ‘वालारेस्लेबो’.

गंमत पुढे आहे. हाच शब्द डेन्मार्कमध्ये ‘लेव्ह’ होतो: हादर्सलेव्ह, हास्लेव्ह, ब्रोन्नर्सलेव्ह, कोपनहेगनला चिकटलेलं हेर्लेव्ह. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोनेत, तो ‘लोव्ह’ होतो: एस्लोव्ह. म्हणजे एक पट्टा उत्तरेत, एक इथे मध्य जर्मनीत, आणि मधे अडीचशे-तीनशे किलोमीटर जवळजवळ काहीच नाही.

माझं गृहीतक: कुणीतरी उत्तरेकडून इथे आलं आणि नाव ठेवायची आपली पद्धत बरोबर घेऊन आलं. नकाशावर ठिपके टाकायचे आणि शेवटी एक मोठा बाण काढायचा. उन्हाळ्यापर्यंत संपेल.

२५ फेब्रुवारी

जर्मनीतल्या गावांची यादी उतरवून घेतली. नाव ‘लेबन’ने संपत असेल तर उचल, असा साधा नियम लिहिला. पहिल्याच झटक्यात भरघोस यादी आली म्हणून खूश झाले. मग लक्षात आलं की यात ओशर्सलेबनच नाही. ज्या गावावरून रोज लोकल जाते ते गाव गायब!

कारण फालतू. अधिकृत नाव ‘ओशर्सलेबन (बोडे)’, बोडे नदीवरचं. तसंच ‘आल्सलेबन (झाले)’. शेवटी कंस, म्हणून नियमाला ते दिसत नाही. आयस्लेबन मात्र वाचलं, कारण त्याचं अधिकृत नाव ‘लुथरश्टाट आयस्लेबन’ आहे आणि ल्यूथरचा मान पुढे लागतो, मागे नाही. कंस काढून टाकणारी ओळ घातली. आता मोठी गावं तरी सगळी आली.

नकाशा करताना बग सापडला तर बरंच वाटतं. न सापडणाऱ्यांची भीती असते.

३ मार्च

डेन्मार्क. इथे वेगळाच घोळ. हादर्सलेव्ह दोनदा आलं, एकदा डॅनिश नावाने आणि एकदा ‘हाडर्सलेबन’ म्हणून. श्लेस्विगचा तो भाग १८६४ च्या युद्धानंतर प्रशियाकडे गेला आणि १९२० मध्ये सार्वमत घेऊन डेन्मार्कला परत मिळाला. मधल्या काळातली जर्मन नावं याद्यांमध्ये अजून पर्यायी नाव म्हणून बसलेली आहेत. ती तशीच ठेवली असती तर माझा ‘जर्मन’ पट्टा फुकटात तीनशे किलोमीटर उत्तरेला सरकला असता आणि मधली पोकळी भरून निघाली असती. कुणालाही कळलं नसतं. मलासुद्धा.

प्रत्येक गावाला आता एकच ओळ. भाषेनुसार रूप वेगळ्या रकान्यात.

१७ मार्च

पहिला पूर्ण नकाशा.

मधला जर्मन पट्टा माझ्या अपेक्षेपेक्षा रेखीव निघाला. उत्तरेला हाल्डेन्सलेबन, तिथून माग्डेबुर्गच्या पश्चिमेच्या सुपीक मैदानातून खाली, हार्त्स डोंगराला पूर्वेकडून वळसा घालून एर्फुर्ट आणि गोथाभोवती दाट गर्दी. डोंगरात एकही नाही. थुरिंगियाचं जंगल ओलांडून दक्षिणेला, आजच्या बव्हेरियात, थोडे सुटे ठिपके: उन्सलेबन, आल्सलेबन (हे दुसरं), एटलेबन, त्सॉइत्सलेबन, आणि थेट व्युर्त्सबुर्गच्या उशाशी ग्युंटर्सलेबन.

हे दक्षिणेतले सुटे ठिपके मला फार आवडले, कारण त्यांना धरायला इतिहासाचा एक खुंटा आहे. ७०० च्या सुमाराला व्युर्त्सबुर्गात बसणाऱ्या ड्यूक हेदेनची सत्ता थुरिंगियातही चालत होती. १ मे ७०४ रोजी त्याने तिथूनच मिशनरी विलिब्रॉर्डला थुरिंगियातल्या जमिनी दान दिल्या: आर्नश्टाट, म्युलबर्ग, मोन्रा. थुरिंगियातल्या गावांचा तो सर्वांत जुना लेखी उल्लेख. म्हणजे जंगलाच्या दोन्ही बाजूंना एकच सत्ता होती, आणि त्या सत्तेबरोबर नावाची पद्धतही डोंगर ओलांडून गेली असेल. यासाठी अख्खी टोळी हलायची गरज नाही. चार-दोन सरदार जमिनीवर बसवले की पुरतं.

हे वाक्य लिहून मी थांबले, कारण उत्तरेच्या पट्ट्यालाही हेच लागू पडतं. पण तो विचार सध्या बाजूला ठेवते.

३१ मार्च

आज ग्रंथांचा दिवस. बाण काढायला साक्षीदार लागतात. ते असे मिळाले.

रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ मध्ये जर्मानिक टोळ्यांवर लिहिलं त्यात चाळिसाव्या प्रकरणात नेर्थुस देवीची पूजा करणाऱ्या सात टोळ्या येतात. त्यांत अँगली आणि वारिनी शेजारी शेजारी. सगळ्या उत्तरेकडच्या, समुद्राच्या बाजूच्या. मग सातशे वर्षं उडी मारली की फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातला एक कायदा सापडतो, ज्याचं शीर्षकच आहे ‘अँगल आणि वारिन, म्हणजेच थुरिंगियन, यांचा कायदा’. म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीला थुरिंगियाच्या कायद्याला त्याच दोन उत्तरी टोळ्यांची नावं चिकटलेली होती. शिवाय उन्श्ट्रुट नदीच्या आसपासच्या एका जुन्या प्रदेशाचं नाव ‘एंगिलिन’.

‘लेव्ह’वाले उत्तरेत, ‘लेबन’वाले थुरिंगियात, आणि उत्तरेतल्या दोन टोळ्यांची नावं थुरिंगियाच्या कायद्यात. रात्री उशिरा जाडा लाल बाण काढला. त्याचं शेपूट डेन्मार्कच्या युटलंडमध्ये, टोक एर्फुर्टवर. फार सुंदर दिसतो.

ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: “बाण छान आहे. पण बाण मारला कुणी?” ताई कोर्टात काम करते. तिला सगळीकडे साक्षीदार फितूर दिसतात.

२१ एप्रिल

ताईच्या प्रश्नामुळे नाही (असं मी स्वतःला सांगते), पण नकाशाखाली जमिनीचा थर घातला.

आणि सगळा पट्टा विरघळला. म्हणजे ठिपके तसेच आहेत, पण ते जवळजवळ सगळे लोएसवर बसलेत. लोएस म्हणजे हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली बारीक पिवळी माती. तिच्यावर इथे काळी कसदार जमीन तयार झालेली आहे. आपल्याकडच्या काळ्या रानाशी तिची घडण जुळत नाही, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांतली चमक तीच. माग्डेबुर्गजवळचं मैदान तर जर्मनीतल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी. १९३४ मध्ये देशभरच्या शेतजमिनींची प्रतवारी ठरवली तेव्हा शंभर गुणांचं मोजमाप म्हणून त्या मैदानातल्या आइकेनडॉर्फची जमीन धरली गेली. (शंभर गुणांचं गाव ‘डॉर्फ’ निघालं, ‘लेबन’ नाही. नशीब.)

शेजारी हार्त्समध्ये ठिपका नाही याचं कारणही मातीच. डोंगरात वस्ती उशिरा झाली, जंगल तोडून झाली, म्हणून तिथली नावं ‘रोडे’ने संपतात: वेर्निगेरोडे, हार्त्सगेरोडे, एल्बिंगेरोडे. रोडे म्हणजे तोडून मोकळी केलेली जागा. लेबन आणि रोडे एकमेकांना शिवतही नाहीत. जुनी माणसं जुन्या चांगल्या जमिनीवर, नंतरची माणसं नंतरच्या जमिनीवर.

मग माझा नकाशा टोळीचा की मातीचा? दोन्ही असू शकतो. पण मातीनेच एवढं समजतं तर टोळी कशाला हवी, असा प्रश्न आता कुणीही विचारेल.

वेर्निगेरोडेवरून आठवलं. जुन्या जर्मन नावांचा पहिला मोठा कोश करणारा एर्न्स्ट फ्योर्स्टेमान तिथेच ग्रंथपाल होता. माणसांच्या नावांचा खंड १८५६ मध्ये, गावांच्या नावांचा १८५९ मध्ये. पुढे तो ड्रेसडेनला गेला आणि तिथल्या ग्रंथालयात पडलेल्या, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या हस्तलिखितातली कालगणना उलगडून बसला. सकाळी ‘वालारेस्लेबो’, संध्याकाळी माया लोकांचा शुक्र. असे लोक हेवा वाटण्यासाठीच जन्माला येतात.

४ मे, एंगेल गावं

आज फिरती. एर्फुर्टहून उत्तरेला जाणारी छोटी गाडी. स्टेशनांची घोषणा ऐकायलाच गेले होते म्हणा ना: वाल्शलेबन, रिंगलेबन-गेबेझे, श्ट्राउसफुर्ट, ग्रॉइसेन, वासरथालेबन. माझी यादी कुणीतरी ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवतंय असं वाटलं. समोरच्या बाईंनी मी प्रत्येक नावाला मान डोलावते हे पाहून जागा बदलली.

वासरथालेबनला उतरून पायी. दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची शेतं, आपल्या मोहरीच्या भावकीतली. इथे एकमेकांच्या जवळ चार गावं आहेत: वेस्टरएंगेल, किर्शेंगेल, होल्त्सएंगेल, फेल्डेंगेल. पश्चिमेचं एंगेल, चर्चचं एंगेल, लाकडाचं म्हणजे जंगलाचं एंगेल, शेताचं एंगेल. एंगेल म्हणजे आजच्या जर्मनमध्ये देवदूत. पण या चार गावांत जुनं ‘एंगिलिन’ उरलंय असं मानतात, म्हणजे अँगल टोळीचं नाव. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं. “देवदूतच, दुसरं काय असणार?” म्हणाले. मी टोळीचं सांगितलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याने माझ्याकडे.

हा गोंधळ नवा नाही. इंग्लंडातल्या बीड नावाच्या भिक्षूने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात गोष्ट आहे: रोमच्या बाजारात विकायला आणलेली गोरी मुलं पाहून पुढे पोप झालेल्या ग्रेगरीने विचारलं, कुठली? अँगल, असं कळल्यावर म्हणाला, शोभतं, चेहरे देवदूतांचेच आहेत. शब्दाचा तोच खेळ, वेगळ्या दिशेने.

घरी येताना विचार केला. टोळीचं नाव जेव्हा गावाला किंवा प्रदेशाला लागतं तेव्हा ते बहुधा शेजाऱ्यांनी ठेवलेलं असतं. सगळेच अँगल असतील तिथे ‘अँगलांचं गाव’ म्हणून काही कळणार नाही. वेगळे लोक थोडे असतात तेव्हाच नाव उपयोगी पडतं. म्हणजे चार एंगेलं हा अँगल इथे होते याचा पुरावा आहे खरा, पण ते इथे बहुसंख्य नव्हते याचाही आहे. मग शेकडो लेबन गावांचं पितृत्व त्यांच्यावर कसं टाकायचं?

१२ मे

ज्यांना मी टाळत होते ते जर्मन अभ्यासक विल्हेल्म आर्नोल्ड आज शेवटी वाचायला घेतले. १८७५ मध्ये त्यांनी मुख्यतः हेसेमधल्या गावांच्या नावांवरून जर्मन टोळ्यांची स्थलांतरं मांडली. सूत्र सोपं: शेवटच्या अक्षरांना टोळी जोडायची. ‘इंगन’ आणि ‘वाइलर’ म्हणजे आलेमान, ‘हाइम’ म्हणजे फ्रँक. मग ठिपके मोजायचे आणि टोळीची सीमा आखायची.

पुढच्या पिढ्यांनी ते खोडून काढलं. ‘इंगन’ काय फक्त आलेमानांचं आहे? इंग्लंडात रेडिंग आणि हेस्टिंग्ज आहेत, बव्हेरियात फ्रायझिंग, उत्तर इटलीत पास्त्रेंगो, स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात रेनां आणि एशालां, सगळी त्याच एका प्रत्ययाची लेकरं. तो सगळ्याच जर्मानिक भाषांचा सामाईक माल होता. ‘हाइम’चंही तेच. आणि ‘वाइलर’ तर मुळात लॅटिन ‘विल्ला’च्या घरातला.

आर्नोल्डना हसणं सोपं आहे. पण त्यांनी एकशे एकोणपन्नास वर्षांपूर्वी हाताने जे केलं तेच मी मार्चमध्ये संगणकावर केलं, आणि त्यांच्यापेक्षा जाड बाण काढला. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की ‘लेबन’ हा ‘इंगन’सारखा सगळीकडे पसरलेला प्रत्यय नाही, त्याचा आवाका खरोखर मर्यादित आहे. म्हणून तो मोहात पाडतो.

२६ मे

वरच्या मजल्यावरचा शेजारी मडगावचा. आडनाव रॉड्रिग्ज. रविवारी माशाचं कालवण करतो आणि मला वाटीभर पाठवतो, आज वाटीबरोबर स्वतःही आला आणि भिंतीवरचा नकाशा पाहून म्हणाला, “माझ्या गावाचं काय ते काढून दाखव.”

गावाचं नाही, पण आडनावाचं काढून दाखवलं. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा. रोद्रिगो हे जर्मानिक नाव, ‘कीर्ती’ आणि ‘सत्ता’ या दोन शब्दांचं. ७११ मध्ये अरब सैन्यापुढे हरलेला स्पेनचा शेवटचा मोठा व्हिसिगॉथ (गॉथ या जर्मानिक टोळीतला) राजा रोद्रिगोच होता. फर्नांडिस, गोन्साल्विस, आल्व्हारिस, अफोन्सो, एन्रिकिस, गोव्याच्या चर्चच्या वहीतली निम्मी पानं अशा नावांनी भरतील. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कचं पहिलं नावही अफोन्सो.

“म्हणजे मी गॉथ?” तो म्हणाला. मग दोघं हसलो. कालवणात कोकम होतं.

पण माझ्या कामाचा मुद्दा याच हसण्यात होता. गॉथांची सत्ता गेल्यावरही त्यांची नावं इबेरियात सगळ्यांनी उचलली. गॉथ कोण आणि रोमन कोण हा प्रश्न विसरला गेल्यानंतरही मुलांना रोद्रिगो आणि गोन्सालो म्हणत राहिले. पोर्तुगालच्या उत्तरेला गोंदोमार, गिमारायश अशी गावं आहेत, जर्मानिक पुरुषांच्या नावांवरून पडलेली, पण गिमारायश ज्याच्या नावाशी जोडतात तो व्हीमारा पेरेस नवव्या शतकातला सरदार. स्वेबी टोळीचं तिथलं राज्य तर ५८५ मध्येच संपलं होतं. तिथल्या ठिपक्यांचा नकाशा करून कुणी ‘हे पाहा स्वेबींचं स्थलांतर’ म्हटलं तर तीन शतकांची चूक होईल. आणि तीच नावं जहाजातून मडगावला पोचली, तिथे तर एकही गॉथ आला नाही.

हाल्डेन्सलेबनचा हाहाल्ड कोण होता? त्याचं नाव जर्मानिक होतं एवढंच मला माहीत आहे. तो कुठून आला ते नावात लिहिलेलं नाही.

१६ जून

दुसरी बाजू तपासली. अँगल लोक खरंच ‘लेव्ह’ घेऊन फिरत असते तर ते सर्वांत जास्त कुठे दिसायला हवं? इंग्लंडात. ते तिथे गेले हे नक्की. देशालाच त्यांचं नाव लागलं. जुन्या इंग्रजीत तो शब्दही होता, ‘लाफ’, उरलेलं या अर्थाने. पण त्याने संपणारी गावं नाहीत. (लडलो, हाउन्सलो यांच्यातला ‘लो’ वेगळा, तो टेकाड किंवा थडगं या अर्थाचा. मी फसून त्यांना ठिपके दिले होते, काढले.)

नंतर नवव्या शतकात डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, आले. ८७६ मध्ये त्यांनी नॉर्थम्ब्रियाची जमीन आपापसात वाटून घेतल्याचं अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. त्यांच्या मुलखात ‘बी’ने संपणारी गावं शेकड्यांनी: डर्बी, व्हिटबी, ग्रिम्झबी. डर्बीचं जुनं इंग्रजी नाव ‘नॉर्थवर्थी’ होतं, व्हिटबीचं ‘स्ट्रेओनेशाल्ह’. डेनांनी ती पुसून टाकली. पण ‘लेव्ह’ तिथेही नाही. म्हणजे व्हायकिंग काळात डेन्मार्कमध्ये नवीन गावाला ‘लेव्ह’ म्हणायची चाल संपलेली होती.

दोन्ही मिळून एक खिडकी तयार होते. अँगल ब्रिटनला जाण्याआधी ‘लेव्ह’ बहुधा जोरात नव्हतं, नाहीतर ते घेऊन गेले असते. आणि व्हायकिंगांच्या आधी ते मावळलं. मधल्या काही शतकांतली ती चाल. आवडलं मला हे. टोळी सापडली नाही, काळ सापडला.

७ जुलै

पोकळी. तीन आठवडे हिच्याकडे पाहतेय. श्लेस्विगपासून हाल्डेन्सलेबनपर्यंतचा रिकामा भाग.

बाण काढणाऱ्याला पोकळी आवडते: टोळी तिथून चालत गेली, थांबली नाही. पण जागा तीन प्रकारे रिकामी दिसू शकते. नावं पडलीच नाहीत. पडली पण माणसं गेल्यावर विसरली. किंवा नंतर आलेल्यांनी पुसून आपली घातली.

इथे तिन्ही झाल्यासारखं दिसतं. ल्युनेबुर्गच्या माळाची रेताड जमीन. तिथे आजही गावं विरळ. उत्तरेला आंगेल्न, अँगलांची मूळ भूमी: बीड लिहितो की ते गेल्यापासून त्याच्या काळापर्यंत ती ओसाडच आहे. त्या बाजूच्या तळ्यांच्या गाळातले परागकणही शेतं कमी होऊन जंगल परत आल्याचं सांगतात. पूर्व होल्स्टाइनमध्ये स्लाव्ह आले, त्यांनी आपली नावं ठेवली. आणि ८०४ मध्ये शार्लमेनने एल्बपलीकडच्या सॅक्सन लोकांना बायकापोरांसकट उचलून फ्रँक मुलखात नेलं आणि जमीन स्लाव्ह ओबोड्रिटांना दिली. हे फ्रँकांच्या स्वतःच्या दरबारी वर्षनोंदींत लिहिलंय, लपवून नाही.

एवढं सगळं होऊन गेलेल्या जमिनीवर नाव नसणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. पोकळीला नकाशात तीन वेगळ्या रेघोट्या दिल्या. त्या एकमेकींवर चढतात. दिसायला वाईट आहे, तसंच राहू दे.

१८ ऑगस्ट

एक छोटीच नोंद, पण आनंदाची. हा उद्योग मी सुरू केला नाही आणि आर्नोल्डनेही नाही. आठव्या शतकातला लॉम्बार्ड इतिहासकार पॉल द डीकन लिहितो की ५६८ मध्ये लॉम्बार्ड राजा आल्बोइन इटलीत उतरला तेव्हा त्याच्याबरोबर गेपिड, बल्गार, सार्मेशियन, पॅनोनियन, स्वेबी, नोरिकन असे नाना लोक होते, आणि म्हणूनच ते ज्या गावांत राहतात त्यांना आपण आजही त्यांच्या नावांनी ओळखतो. घटनेनंतर दोनशे वर्षांनी, गावाच्या नावावरून टोळी! व्हेरोनाजवळच्या सोआव्हेचं नाव स्वेबींवरून आलंय असं मानतात. वाइनची बाटली उघडताना कुणी त्यांची आठवण काढत नसेल.

आल्बोइनबरोबर सॅक्सनही गेले होते. त्यांच्या मागे रिकाम्या झालेल्या जागेवर फ्रँक राजांनी स्वेबी आणि इतर लोक बसवले. सॅक्सन इटलीत रमले नाहीत, परत आले, आणि आपल्या घरात दुसरं कुणी पाहून लढले आणि हरले. हार्त्सच्या पूर्वेच्या त्या भागाला पुढे ‘श्वाबेनगाउ’, म्हणजे स्वेबींचा मुलूख, म्हणत. शेजारी ‘फ्रीझेनफेल्ड’, फ्रिजियनांचं शेत. आणि याच तुकड्यात माझी लेबन गावं दाटीने बसलीत. अँगल, वारिन, स्वेबी, फ्रिजियन, सॅक्सन, वर ५३१ पासून फ्रँकांची सत्ता. एवढ्या गर्दीत एक प्रत्यय कुणा एकाचा कसा म्हणायचा?

२२ सप्टेंबर

दोन गोष्टी.

एक: माझी यादी आजच्या गावांची आहे. मध्ययुगाच्या शेवटी या भागातली पुष्कळ गावं उठली. त्यांची नावं शेताच्या तुकड्यांना, ओढ्यांना, जुन्या दप्तरांत तेवढी उरली. तीही घालायला हवीत. घालायला लागले आहे, हळू काम.

दोन: गावांच्या नावांचे जर्मन अभ्यासक युर्गन उडोल्फ. त्यांनी १९९४ च्या मोठ्या ग्रंथात नावांवरून उलटं मांडलं: जर्मानिक नावांचा जुना गाभा मध्य जर्मनीत, आणि तिथून चाली उत्तरेला गेल्या. म्हणजे माझा बाण, फक्त टोक युटलंडमध्ये आणि शेपूट एर्फुर्टला. त्यांचं सगळं सगळ्यांना पटलेलं नाही. पण त्याच ठिपक्यांवर बाण दोन्हीकडे तोंड करून बसतो हे पाहिल्यावर मी नकाशा बंद करून भांडी घासली.

उडोल्फचंच दुसरं काम मला जास्त पटतं. १२८४ मध्ये हामेलनमधून १३० मुलं नाहीशी झाली ती बासरीवाल्याची गोष्ट आपण शाळेत वाचलेली. ते म्हणतात, तरुण मंडळी पूर्वेला वसाहत करायला गेली असावी, आणि पुरावा म्हणून जोड्या देतात: हामेलनजवळचं हामेलश्प्रिंगे आणि बर्लिनच्या उत्तरेचं हामेलश्प्रिंग, वेझर नदीवरचं बेवेरुंगन आणि पूर्वेच्या प्रिग्निट्समधलं बेवेरिंगन. अख्खं नाव, विचित्र नाव, दोन टोकांना. प्रत्यय कुणीही उचलतो. ‘हामेलश्प्रिंग’ उगाच दोनदा सुचत नाही. तरी बासरीवाल्याच्या बाबतीत तो अंदाजच.

२७ ऑक्टोबर

लाल बाण काढून टाकला. फाइल नावासकट पुसली, नाहीतर मी परत लावला असता.

नव्या नकाशात ठिपक्याचा रंग पहिल्या लेखी उल्लेखाच्या शतकावरून. जमिनीचा थर खाली. चार एंगेल गावं, श्वाबेनगाउ, फ्रीझेनफेल्ड वेगळ्या चिन्हाने, कारण तिथे टोळी नावातच आहे, शेपटीत नाही. दक्षिणेतल्या सुट्या ठिपक्यांशेजारी ‘७०४’ लिहिलंय. डेन्मार्क आणि स्कोने त्याच रंगक्रमात, रेघ न जोडता.

ताई म्हणाली, आता नकाशा कंटाळवाणा झाला, पण खोटा नाही. शेजाऱ्याला गोंदोमारचा नकाशा हवाय. दिवाळीनंतर बघू म्हटलं.

रात्री नवीन महिन्याची यादी उतरवून सगळं पुन्हा चालवलं. ओशर्सलेबन परत गायब. कुणीतरी कंसाआधीची मोकळी जागा बदलली आहे.